पहिला कॅमेरा कायमचाच असायला हवा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी चोपडा तालुक्यातला, वय 24. कृषी सेवा केंद्रात काम करतो, घरची थोडी केळी आहे. पगारातून बाजूला टाकत 40,000 रुपये जमवलेत, त्यात पहिला कॅमेरा घ्यायचाय. मोबाइलवर फोटो काढतो, लोक बरे म्हणतात. केळीच्या बागेतलं काम, सातपुड्यातला होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, घरची कानबाई (श्रावणातला देवीचा उत्सव) हे मला काढायचं आहे. आजी ऐंशीच्या पुढे गेली, तिचा आधार कार्डावरचा सोडला तर एक धड फोटो घरात नाही. पुढेमागे लग्नाच्या ऑर्डरी मिळाल्या तर कॅमेऱ्याचे पैसे सुटतील, असंही मनात आहे. स्टुडिओवाले काका म्हणतात, माझा जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे, लेन्सचं नंतर बघू. मित्र म्हणतो, दोन झूम लेन्सचा नवा कोरा किट हप्त्यावर उचल. आणखी एक जण म्हणतो, डीएसएलआर बंद पडले, पैसे पाण्यात जातील. आई म्हणते, ‘इतला पैसा कसाले?’ ताई, एकदाच घ्यायचा आहे. पुन्हा घ्यावा लागणार नाही असा कोणता घेऊ?

उत्तर :

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण पत्रातली सगळी ओढाताण तिथूनच आलेली दिसते. ‘पुन्हा घ्यावा लागणार नाही असा’ हे माप पहिल्या कॅमेऱ्याला लावू नका. विहिरीवरचा पंप घेताना ते माप बरोबर असतं, कारण पंपाने काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. तुम्हाला काय काढायला आवडतं, हे मात्र अजून तुम्हालाही पुरतं ठाऊक नाही, आणि या वयात ते ठाऊक नसण्यात काही वावगं नाही. वर्षभराने तुम्ही पहाटे हतनूर धरणावर पक्ष्यांच्या मागे असाल, किंवा माणसांच्या चेहऱ्यांखेरीज दुसरं काही काढावंसंच वाटणार नाही. पक्ष्यांची लेन्स आजीच्या कामाची नाही आणि आजीची पक्ष्यांच्या. दोन्हीचा अंदाज बांधून आज घेतलेला कॅमेरा दोन्हीकडे अपुरा पडेल.

तेव्हा प्रश्न असा घेऊ : कोणता कॅमेरा घेतला, तर दोन वर्षांनी विकतानाही फारशी खोट येणार नाही? ज्याची किंमत आधीच उतरून गेली आहे, असा. म्हणजे चांगल्या हाताने वापरलेला, काही वर्षांपूर्वीचा सेकंडहँड. नव्या कॅमेऱ्याचा डबा फोडला की तिथेच काही हजार गेले, आणि ते फोटोत कुठे दिसत नाहीत.

इथेच ‘डीएसएलआर बंद पडले’ याचाही विचार करू. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. त्यात तथ्य आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही 2020 नंतर नवं डीएसएलआर मॉडेल आणलेलं नाही, त्यांचं सगळं लक्ष मिररलेसवर आहे. पण थांबलंय ते नवं मॉडेल येणं. आहे तो कॅमेरा कालच्यासारखाच फोटो काढतो. उलट लोक मिररलेसकडे वळल्यामुळेच चांगले डीएसएलआर तुमच्या आवाक्यात आलेत. लेन्सही वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्स तशाच अडॅप्टरने झेड मालिकेवर चालतात. तुमच्या रकमेत पैसे पाण्यात जाण्याची भीती मला नव्या किटबद्दल जास्त वाटते.

आता तुम्हाला जे काढायचं आहे ते एकेक डोळ्यांपुढे आणू. बाग, बाजार, कानबाई, आजी. बाजार सोडला तर बाकी सगळं कमी उजेडातलं आहे, आणि चारही गोष्टी जवळून पाहण्याच्या आहेत. तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत याचा विचार मला कुठेच दिसला नाही.

कानबाईची रात्र घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाची कानबाई बसते, तिला नथ, डोळे, दागिने, आणि समोर बायका दाटीवाटीने गाणी म्हणत जागरण करतात. उजेड म्हणजे भिंतीवरची एक ट्यूबलाइट आणि समई. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 ची किट लेन्स 35 वर ठेवली, तर ती फार तर एफ 4.5 इतकी उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं). 35 एमएम एफ 1.8 ची लेन्स त्याच जागेवरून जवळजवळ सहापट प्रकाश आत घेते. म्हणजे किटला जिथे सेकंदाचा 20 वा भाग लागतो, तिथे हिला 125 वा भाग पुरतो. तुमचा हात हलला तर किट लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ते बरंचसं सावरून घेईल. पण समोरची बाई टाळी वाजवते आहे, तिचा हात ते थांबवू शकत नाही. 20 व्या भागाला तिचा चेहरा स्वच्छ येतो आणि तळव्यांच्या जागी पांढुरका पट्टा उमटतो. आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवून वेळ मारून नेता येते, पण मग अंधाऱ्या भागात दाणे दिसायला लागतात. उजेड आत घेणारी एक लेन्स हाच तुमच्या खर्चाचा खरा भाग आहे. तिच्यामागे कोणती बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) आहे, हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा.

मग ती लेन्स किती एमएमची? (हा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद.) हे दुकानदाराला विचारण्याआधी मोबाइलला विचारा. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात 24 ते 26 एमएमच्या आसपास असतो. त्यावर 2एक्स केलं की साधारण 50 चं दृश्य मिळतं. साध्या डीएसएलआरमधला सेन्सर, ज्याला एपीएस-सी म्हणतात, फुल फ्रेमपेक्षा लहान असतो, त्यामुळे त्यावरची 35 ची लेन्स सुमारे 50 सारखंच दृश्य देते. म्हणजे फोनचं 2एक्स ही तुमची 35 ची लेन्स, 3एक्स म्हणजे 50 ची, आणि दीडपट म्हणजे कॅननची 24 ची. महिनाभर रोज 2एक्स लावून फिरा, मधे बोटाने झूम करायचं नाही. पाय सारखे मागे सरकतात की पुढे, ते बघा. हा महिना फुकट आहे, आणि तेवढ्यात कॅमेरे कुठे पळून जात नाहीत.

हे एवढं खोलात सांगण्याला कारण आहे. पन्नासची एफ 1.8 लेन्स स्वस्त मिळते, म्हणून पहिल्या कॅमेऱ्यावर ती घ्या असा सल्ला सरसकट दिला जातो. लेन्स चांगलीच आहे. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिने उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत, वरखाली थोडी जागा सोडून, कॅमेरा उभा धरून बसवायचं, तर तुम्हाला 14-15 फूट लांब उभं राहावं लागतं. 35 ला 10 फूट पुरतात, 24 ला 7. आपल्या गावातल्या घरांच्या खोल्या किती लांब असतात ते तुम्ही जाणता. पन्नासने आजीचा नुसता चेहरा सुरेख येईल. पण आजी, तिची खाट, कोनाडा, दारातून येणारा उजेड हे सगळं एका चौकटीत हवं असेल, तर पाठ भिंतीला टेकेल आणि तरी मावणार नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. निकॉनची डी5300 (2013) किंवा डी5600 (2016), जी नीट अवस्थेत मिळेल ती बॉडी, आणि तिच्यावर एएफ-एस डीएक्स 35 एमएम एफ 1.8जी. डी3500 मिळाली तरी चालेल, फक्त तिचा पडदा बाहेर वळत नाही, आणि जमिनीलगत कॅमेरा धरून फोटो काढायचे तर वळणारा पडदा फार उपयोगी पडतो. पण तुम्हाला व्हिडिओही बऱ्यापैकी करायचा असेल, तर कॅननची 200डी (2017) घ्या. पडद्यावर बघून शूट करताना तिचा फोकस निकॉनपेक्षा पुष्कळ चपळ आहे. तिच्यावर ईएफ-एस 24 एमएम एफ 2.8 लावा. ही 1.8 इतका उजेड घेत नाही, तरी त्या बाजूच्या किट लेन्सपेक्षा बरीच उजवी आहे, आणि इतकी चपटी की कॅमेरा गळ्यात असल्याचा भार वाटत नाही.

निकॉन घेताना एका ठिकाणी लोक फसतात. डी3000 आणि डी5000 मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स त्यावर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं आहे का ते वाचा. ‘एएफ-पी’ नावाच्या नव्या लेन्स डी3100, डी3200, डी5100, डी90, डी7000 अशा जुन्या बॉडींवर मुळीच फोकस करत नाहीत, हातानेसुद्धा नाही. स्वस्तात जोडी मिळतेय म्हणून हात पुढे करण्याआधी ही अक्षरं पाहिलीच पाहिजेत.

काकांचा फुल फ्रेम. काकांना दुखवू नका, पण तो घेऊ नका. लग्नात राबलेल्या बॉडीचं शटर किती चाललंय हा पहिला मुद्दा. कॅननच्या 6डी चं शटर एक लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं, 5डी मार्क 2 चं दीड लाखाच्या, आणि एका लग्नात हजारो क्लिक होतात. त्याहून मोठी अडचण ‘लेन्सचं नंतर बघू’ या तीन शब्दांत आहे. फुल फ्रेमच्या चांगल्या लेन्स जड आणि महाग. सगळे पैसे बॉडीत अडकले, की ते ‘नंतर’ लांबतच जातं. मित्राचा दोन झूमचा किटही मी बाजूला ठेवला असता. त्यातली लांबची लेन्स तुमच्या चारपैकी एकाही कामाची नाही, आणि हप्ता सुरू झाला की कॅमेरा हातात घेताना फोटोआधी तारीख आठवते. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा असतोच, तो विचारून घ्या.

बाग तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तरी एक सांगते. मृगबाग असो की कांदेबाग (केळीच्या लागवडीचे दोन हंगाम), पानं एकमेकांना भिडली की आत भर दुपारीही अंधारी असते आणि मधूनच उन्हाचे कवडसे. कवडसा कपाळावर पडला की तेवढा तुकडा पांढराफटक आणि बाकी चेहरा काळा. त्यात पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, तो मजुराच्या गालावर आणि बनियनवर उतरतो. यावर महाग कॅमेऱ्याने काही फरक पडत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, फोटो काढा, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात. आणि घड खांद्यावर घेऊन माणूस बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे येतो, तिथे उभे राहा. त्याच्या तोंडावर मोकळ्या आभाळाचा उजेड आणि पाठीमागे बागेचा काळोख असतो. चिकाचा हात कॅमेऱ्याला लावू नका, कपड्यांचं काय होतं ते तुम्ही बघताच.

भोंगऱ्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. होळीआधीच्या आठवड्यात भरणारे हे आठवडी बाजार, त्यातले मोठाले ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने घातलेल्या बाया, यांचे फोटो काढायला बाहेरून खूप लोक येतात. तिथे मुलं-मुली पळून जाऊन लग्नं करतात, अशा मथळ्यांखाली ते फोटो वर्षानुवर्षं छापले गेले, आणि त्याचा आदिवासी समाजाला मनस्ताप झाला. तो होळीच्या खरेदीचा आणि भेटीगाठींचा बाजार आहे. तुम्ही त्याच तालुक्यात राहता, त्यातले काही शेतकरी तुमच्या केंद्रावर बियाणं घ्यायला येत असतील. लांबच्या झूमने कोण्या मुलीचा चेहरा तिच्या नकळत टिपू नका. 35 च्या लेन्सने चेहरा घ्यायचा तर बोलण्याच्या अंतरावर जावंच लागतं. नाव विचारा, गाव विचारा, ‘काढू का’ म्हणा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या. पुढच्या बाजारात त्यांच्या फोटोच्या प्रिंट घेऊन जा. धुळीमुळेही तिथे एकच लेन्स बरी, उघड्यावर लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसते.

म्हणून 40,000 ची वाटणी करताना प्रिंटला आधीच जागा ठेवा. मी तुमच्या जागी असते तर बॉडीला 25,000 च्या वर गेले नसते, लेन्सला आठ-दहा हजार, आणि उरलेल्या पाचेक हजारांत चांगलं मेमरी कार्ड, दुसरी बॅटरी, साधी बॅग आणि प्रिंट. बॉडीसोबत किट लेन्स मिळाली तर राहू द्या, आभाळ आणि डोंगर घ्यायला ती होते. मेगापिक्सेलची काळजी सोडा. 8 बाय 12 इंचाची उत्तम प्रिंट काढायला सुमारे 86 लाख पिक्सेल लागतात, आणि मी सुचवलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांत ते सुमारे 2 कोटी 40 लाख आहेत.

आईच्या प्रश्नाला मात्र शब्दांनी उत्तर देऊ नका. ती विचारतेय ते रास्त आहे. घरात उन्हाळ्यात बोअर आटली तर हेच पैसे लागले असते, हे तिला दिसतं. कॅमेरा आणल्याच्या आठवड्यात आजीचा फोटो काढा. सकाळी दाराच्या आत हातभर अंतरावर तिला बसवा, ऊन अंगावर नको, बाहेरचा उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद. मोठी प्रिंट काढून आईच्या हातात द्या. कुणाच्या घरात आजीचा फोटो शोधायची वेळ कधी येते, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या मनात आलं असावं. म्हणून आजीला कानबाईपर्यंत थांबवू नका. महिनाभर फोनवर सराव करणार आहात, तेव्हा तिचा पहिला फोटो फोनवरच आजच काढा.

लग्नाच्या ऑर्डरीचा हिशेब सध्या मनातून काढून टाका. मी सुचवलेल्या कॅमेऱ्यांना कार्डाची एकच खाच असते. कार्ड बिघडलं तर हळद आणि सप्तपदी पुन्हा होत नाही, आणि ज्या घरचं कार्य असतं त्यांना तुमची अडचण सांगून भागत नाही. या कामाला दुसरी बॉडी, फ्लॅश, जादा बॅटऱ्या आणि मुख्य म्हणजे गर्दीत जागा मिळवण्याची सवय लागते. काकांचा कॅमेरा नको म्हणताना याच गोष्टीसाठी त्यांच्याकडे शब्द टाका : लग्नसराईत तुमच्यासोबत दुसरा म्हणून येतो, लाइट धरतो, जमेल तसे फोटो काढतो. तिथींच्या दिवसांत त्यांना हात कमीच पडत असतील. एका हंगामात तुम्हाला हे काम झेपतं का, आवडतं का, दोन्ही कळेल, आणि काकांशी संबंधही गोड राहील.

सेकंडहँड घ्यायला जळगाव, धुळे किंवा नाशिकला जाल तेव्हा समोरासमोरच घ्या, आगाऊ पैसे पाठवू नका. स्वतःचं कार्ड न्या. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा आणि पुढून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. धुळीचे चार कण चालतात. मग एफ 16 ला आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण तेवढे पैसे कमी करून घ्या. लेन्स पूर्ण उघडून जवळच्या छापील कागदावर तिरका फोकस करा, ज्या ओळीवर धरला तीच ओळ धारदार आली पाहिजे. निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये शटर किती चाललं हे नोंदलेलं असतं, फोनवर तपासता येतं. प्रत्येक बटण दाबा, उचलायचा फ्लॅश उडवून बघा, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा, चार्जर मूळ कंपनीचा आहे का विचारा. बिलावरचा सीरियल नंबर आणि बॉडीखालचा नंबर जुळला पाहिजे. बिलच नसेल तर निदान विकणाऱ्याच्या सहीची, नंबर लिहिलेली पावती घ्या.

एकाच फेरीत सौदा व्हायलाच हवा असं धरून जाऊ नका. आणि एप्रिल-मेमध्ये आणणार असाल तर येताना तो गाडीच्या डिकीत टाकू नका, आपल्याकडच्या उन्हात डिकी तापून निघते. पाठीवरच्या बॅगेत ठेवा, आणि घरी पोचल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून किती फोटो टिकते ते पहिल्याच दिवशी बघून घ्या, म्हणजे काही खोट निघाली तर विकणाऱ्याला लगेच सांगता येईल.